सभासद डॉक्टरांची डायरी संकेतस्थळावर टाकावी का? मोबाइल क्रमांक आणि घरच्या पत्त्यांचा प्रश्न

चिटणीस_तालुका

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या डॉक्टर संघटनेचा मी यंदाचा चिटणीस आहे. आमचे १८६ सभासद आहेत. त्यांत ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी या तिन्ही शाखांची मंडळी असून काही दंतवैद्यही आहेत. गेली कित्येक वर्षे संघटना दर जानेवारीत एक छोटी डायरी छापते. तीत प्रत्येकाचे नाव, पदवी, दवाखान्याचा पत्ता, घरचा पत्ता, मोबाइल, रक्तगट, जन्मतारीख, पती वा पत्नीचे नाव आणि लग्नाचा वाढदिवस एवढा मजकूर असतो. रात्री-अपरात्री रुग्ण पुढे पाठवायचा असला की सहकाऱ्याला गाठण्यासाठी ही डायरी खरोखर उपयोगी पडते. वाढदिवसाचे फोन होतात ते वेगळेच.

यंदा संघटनेचे संकेतस्थळ तयार झाले आहे आणि छापखान्याकडे असलेली डायरीची पीडीएफ जशीच्या तशी तिथे टाकावी, असा ठराव वार्षिक सभेत आला. दोन महिला सभासदांनी त्यास हरकत घेतली. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “डॉक्टरनेच फोन लपवला तर पेशंटने जायचे कुठे?” सभा तिथेच थांबली आणि निर्णय कार्यकारिणीवर सोपवण्यात आला. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. सभासदांनी ही माहिती संघटनेला स्वखुशीने दिलेली आहे. मग ती संकेतस्थळावर टाकण्यास वेगळी परवानगी लागते का? आणि डॉक्टरची माहिती ही मुळात सार्वजनिकच असते, हे म्हणणे कायद्याला धरून आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कलमदान

चिटणीस महोदय, मी वकिली करतो. आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती, सूचना, माहिती पुसून घेण्याचा हक्क या मुख्य तरतुदी मात्र त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्यामुळे उद्याच संघटनेला नोटीस येईल असे नाही. परंतु आज टाकलेली यादी त्या दिवशीही तिथेच असणार आहे, हे कार्यकारिणीने लक्षात घ्यावे.

निव्वळ कागदावर राहिलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. डायरी सभासदांच्या खिशात आणि टेबलाच्या खणात आहे तोवर तिचा या कायद्याशी संबंध येत नाही. मात्र कागदावर घेतलेली माहिती पुढे डिजिटल स्वरूपात आणली की ती कायद्याच्या कक्षेत येते, असे कलम ३ मध्येच म्हटले आहे. जबाबदार कोण, हाही प्रश्न उरत नाही, कारण ‘व्यक्ती’ या शब्दाच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी संस्था आणि व्यक्तींचा समूह हे सारे येतात. आपली संघटना त्यातून सुटत नाही.

आता ‘डॉक्टरची माहिती सार्वजनिकच असते’ या म्हणण्याकडे येऊ. त्याच कलमात एक अपवाद आहे: जी माहिती संबंधित व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केली, किंवा प्रचलित कायद्याने ज्याच्यावर ती सार्वजनिक करण्याचे बंधन आहे त्याने ती केली, तिला हा अधिनियम लागू नाही. डॉक्टरने पाटीवर लिहिलेला दवाखान्याचा दूरध्वनी यात बसतो. घरचा पत्ता, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस कोणी पाटीवर लिहीत नाही. पत्नीचे नाव तर त्या डॉक्टरची माहितीही नव्हे, ती एका तिसऱ्याच व्यक्तीची माहिती आहे आणि तिला कोणी विचारलेलेही नसते.

कायद्याचे बंधन म्हणाल तर ते डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या वैद्यकीय परिषदेसारख्या नियामक संस्थांवर आहे, संघटनेवर नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३१ नुसार ठेवायच्या राष्ट्रीय नोंदवहीत डॉक्टरचे नाव, पत्ता आणि मान्यताप्राप्त पदव्या असतात आणि ती नोंदवही जनतेला पाहता येईल अशी ठेवावी लागते. मोबाइल क्रमांकाचा उल्लेख त्या कलमात नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी असलेले २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम आजही लागू आहेत, कारण त्यांच्या जागी आणलेले २०२३ चे विनियम महिनाभरही टिकले नाहीत, स्थगित झाले. या विनियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर आणि पैशाच्या पावतीवर दाखवला पाहिजे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी तो संकेतस्थळावरही दाखवायला सांगितला. कायद्याचा आग्रह नेहमी नोंदणी क्रमांकाचा असतो, हे ध्यानात घ्या. समोरचा माणूस खरोखर डॉक्टर आहे का, हे तपासण्याचे साधन तो आहे. मोबाइल हे त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन आहे. आपल्या डायरीत तपासण्याची माहिती आणि पोहोचण्याची माहिती एका ओळीत आली आहे आणि माझ्या मते सारा घोळ तिथून सुरू होतो.

राहिला संमतीचा प्रश्न. अधिनियमाच्या कलम ६ ला जोडलेले उदाहरण आपल्याच क्षेत्रातले आहे. टेलिमेडिसिनच्या एका ॲपने वैद्यकीय सेवेसाठी संमती मागितली, सोबत फोनमधील संपर्कयादीही मागितली आणि वापरकर्तीने दोन्हींना होकार दिला. तरीही तिची संमती सेवेपुरतीच धरायची, कारण सेवा देण्यास संपर्कयादी आवश्यक नाही. आपल्या सभासदांनी डायरीसाठी माहिती दिली तेव्हा ती शे-दोनशे सहकाऱ्यांच्या हाती जाईल एवढेच त्यांच्या मनात होते. संपूर्ण जगासमोर ठेवणे हा वेगळा हेतू आहे आणि वेगळ्या हेतूसाठी वेगळे विचारले पाहिजे. तेही प्रत्येकाला, सभेत बहुमताने दुसऱ्याच्या घरच्या पत्त्याचा निर्णय करता येत नाही.

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि आपल्या सभेत हरकत घेणाऱ्या दोघींना मी ओळखत नसले तरी त्या काय सांगू पाहत होत्या ते मला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका व्यावसायिक मंडळाने अशीच यादी संकेतस्थळावर टाकली. प्रयोगशाळेचा दूरध्वनी वेगळा असूनही तीत माझा स्वतःचा मोबाइल होता, कारण सभासदत्वाच्या अर्जात तोच लिहिलेला होता. पहिल्या महिन्यात कर्ज देणारे, विमा विकणारे आणि प्रयोगशाळेचे यंत्र भाड्याने देणारे लोक फोन करू लागले. त्यांना ‘नको’ म्हटले की निदान ते फोन ठेवत होते. मग एक गृहस्थ आले, अर्थात फोनवरच. आपण लष्करात अधिकारी आहोत, पंचवीस जवानांच्या रक्ततपासण्या करायच्या आहेत, पैसे आगाऊ पाठवतो, फक्त मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, असे ते अगदी अदबीने सांगत होते. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, हे मला माहीत होते म्हणून वाचले. माझ्या ओळखीतल्या एका दंतवैद्यांना ते वेळेवर सुचले नाही. त्या माणसाला माझे पूर्ण नाव, पदवी आणि प्रयोगशाळा कोणत्या गल्लीत आहे हे सर्व ठाऊक होते, आणि याच माहितीमुळे त्याचे बोलणे खरे वाटत होते.

हे सारे मी सोसले असते. त्यानंतर मात्र एका अनोळखी क्रमांकावरून रात्री एक-दीडला ‘रिपोर्ट समजावून सांगा’ असे संदेश येऊ लागले. रिपोर्ट आमच्याकडचा नव्हताच. मी उत्तर देणे थांबवले तेव्हा ‘तुमच्या सोसायटीच्या गेटला निळा रंग दिलेला आहे ना?’ असा संदेश आला. घरचा पत्ताही त्याच यादीत होता. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आणि नीट वागवले, हे कृतज्ञतेने नमूद करते. स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ ड मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. माणूस सापडला, प्रकरण मिटले. मी मोबाइल बदलला, परंतु घर काही बदलता आले नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष सहकाऱ्यांनाही लागू आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचारासाठी महाराष्ट्रात २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र तो दवाखान्यात किंवा रुग्णालयात कर्तव्य बजावत असलेल्या व्यक्तीसाठी आहे. संतापलेला नातेवाईक घराच्या दारात आला तर त्या विशेष कायद्याचे संरक्षण मिळेलच असे नाही. ‘डॉक्टरनेच फोन लपवला तर’ असे विचारणाऱ्या ज्येष्ठांना माझा नम्र प्रतिप्रश्न आहे: आपला दवाखाना आणि घर एकाच वाड्यात असेल, पण सर्वांचे तसे असते का?

चौकस नागरिक

वरील अनुभव वाचून वाईट वाटले. तरीही रुग्णांच्या बाजूने कोणी बोललेले नाही, म्हणून थोडे विरोधी सूर लावतो.

खासगीपणाचे कारण पुढे करून माहितीचे दरवाजे बंद करण्याकडे अलीकडे कल वाढतो आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारताना व्यापक जनहिताचा विचार त्याच कलमात सांगितलेला होता. ज्या अधिनियमाचा उल्लेख वर झाला त्यानेच ते कलम आखडले आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून तत्काळ लागूही झाला. माहिती पुसून घेण्याचा नागरिकांचा हक्क २०२७ पर्यंत थांबू शकतो, पण माहिती नाकारण्याची सोय थांबू शकत नाही, याला काय म्हणावे?

दुसरे असे की खरा क्रमांक मिळाला नाही तर लोक शोधायचे थांबत नाहीत. ते गूगलवर शोधतात आणि तिथे ठगांनी रुग्णालयाच्या नावाने पेरून ठेवलेला क्रमांक त्यांना सापडतो. ‘अपॉइंटमेंटसाठी फक्त दहा रुपये भरा’ म्हणून लिंक येते आणि खाते रिकामे होते. आमच्या शेजारच्या आजोबांच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बाह्यरुग्ण विभागाचा क्रमांकच नव्हता. तेव्हा संघटनेने यादी जरूर टाकावी. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांच्या बाबतीत तर माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४(१)(ख) नुसार अधिकारी व कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. फक्त तीत कार्यालयाचा क्रमांक असावा, एवढे मी मान्य करतो. घरच्या पत्त्याशी आम्हा रुग्णांना काही कर्तव्य नाही, आणि कोणाचा लग्नाचा वाढदिवस कधी असतो याच्याशी तर मुळीच नाही.

कलमदान

चौकस नागरिक, आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. किंबहुना आमच्या व्यवसायाचा अनुभव तेच सांगतो. वकिलांना जाहिरातबंदी आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या ३६ व्या नियमात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली आणि त्या मोजक्या माहितीत नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, सनद क्रमांक, पदव्या व कामाचे क्षेत्र एवढे आहे. जन्मतारीख तिथे कोणी मागितलेली नाही. सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्यात पाहिले तर नोंदवहीत जन्मतारीख आणि राहता पत्ता दोन्ही असतात. पण नोंदवहीत असणे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येणे यांत फरक आहे.

राइनकाठ

मी जर्मनीत राहून भाषांतराचा स्वतंत्र व्यवसाय करतो, म्हणून तिथली उलटी तऱ्हा सांगतो. खासगीपणाबाबत जर्मन माणूस किती काटेकोर असतो हे सर्वश्रुत आहे, पण व्यवसायाचे संकेतस्थळ चालवणाऱ्याला तिथे ‘इम्प्रेसुम’ नावाचे पान ठेवावेच लागते. त्यावर पूर्ण नाव, टपाली पत्ता आणि ईमेल हवा, आणि डॉक्टर किंवा वकील असाल तर कोणत्या व्यावसायिक मंडळाचे सभासद आहात व पदवी कोणत्या देशाने दिली हेही लिहावे लागते. ही सक्ती आधी टेलिमीडिया कायद्यात होती, मे २०२४ पासून डिजिटल सेवा कायद्यात आहे. टपालपेटीचा क्रमांक चालत नाही, कारण न्यायालयाची नोटीस बजावता येईल असा पत्ता हवा. मी घरातून काम करतो, त्यामुळे पहिली दोन वर्षे माझ्या घराचा पत्ता कोणालाही दिसत होता. पुढे दरमहा काही युरो देऊन एका कार्यालय-सेवेचा पत्ता घेतला.

याउलट ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत डॉक्टरचे नाव, संदर्भ क्रमांक, पदवी, नोंदणीची स्थिती आणि विशेषज्ञता कोणालाही पाहता येते, मात्र पत्ता वा फोन तिथे नसतो. माझी धाकटी बहीण तिथे डॉक्टर आहे. तिच्या रुग्णांना ती कोण आहे हे खात्रीने कळते आणि तिला भेटायचे असेल तर ते रुग्णालयाला फोन करतात. कलमदान यांनी ‘तपासणे’ आणि ‘पोहोचणे’ असा जो फरक केला, तो ब्रिटनने करून दाखवला आहे असे मला वाटते.

तळटीप

संगणकाच्या बाजूने थोडेसे सांगतो, कारण पीडीएफ ‘फक्त पाहण्यापुरती’ टाकू, असा विचार पुढे येण्याची शक्यता आहे. छापखान्याच्या पीडीएफमधील मजकूर शोधयंत्रे वाचतात, आणि १८६ ओळींचा तक्ता उचलून एक्सेलमध्ये घ्यायला एखाद्याला दोन मिनिटे पुरतात. क्रमांकांचे चित्र करून टाकले तरी चित्रातील अक्षरे वाचणारी साधने आज फुकट मिळतात. ‘लिंक फक्त सभासदांना देऊ’ हाही उपाय नव्हे. अशी लिंक एकाने व्हॉट्सॲपवर पुढे ढकलली की ती सर्वांची होते. सभासदांसाठीच ठेवायचे असेल तर लॉगिन हवे.

नंतर काढून टाकणे हे वाटते तितके सोपे नसते. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणारे संग्रह आहेत, आणि एकदा माहिती गोळा करणाऱ्यांच्या हाती यादी पडली की ती दुसऱ्या निर्देशिकांवर उगवते. घरचा पत्ता किंवा खासगी फोन शोधनिकालांतून वगळण्याची विनंती गूगलकडे करता येते. परंतु त्यामुळे फक्त निकाल दिसेनासा होतो, मूळ पान जागेवरच राहते.

ज्या डॉक्टरांकडे दवाखान्यासाठी वेगळा मोबाइल नाही, त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. व्हॉट्सॲप बिझनेस हे लँडलाइन क्रमांकावरही नोंदवता येते. पडताळणीचा आकडा फोनवर ऐकवला जातो. तोच क्रमांक यादीत द्यावा आणि तो मदतनीसाने सांभाळावा. जाहिरातींच्या फोनचा जाच ज्यांना आधीच होत आहे त्यांनी १९०९ वर आपला क्रमांक नोंदवावा, आणि फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवावे. तिथे मिनिटांना महत्त्व असते.

चिटणीस_तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही चर्चा छापून मी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवली. सूक्ष्मदर्शक ताईंचा अनुभव वाचताना बैठकीत कोणी मध्ये बोलले नाही.

ठरले ते असे. सर्वांसाठी खुल्या पानावर नाव, पदवी, शाखा, परिषदेचा नोंदणी क्रमांक, दवाखान्याचा पत्ता, वेळ आणि दवाखान्याचा एक क्रमांक एवढेच राहील. तो क्रमांक कोणता हे सभासदाने स्वतः लेखी कळवायचे आहे. जो कळवणार नाही त्याच्या नावापुढे संघटनेच्या कार्यालयाचा दूरध्वनी जाईल. डायरी पूर्वीप्रमाणे छापली जाईल. लॉगिनचा विचार पुढच्या वर्षी करू, कारण यंदा त्यासाठी निधी नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी निम्मे लोक पासवर्ड पुन्हा मागायला मलाच फोन करतील. ज्येष्ठ सभासदांनी आपला स्वतःचाच मोबाइल खुल्या पानावर देण्याचा आग्रह धरला. तो त्यांचा अधिकार आहे, म्हणून तसे त्यांच्याकडून लिहून घेतले. घरच्या पत्त्यावर मात्र त्यांनीच आधी काट मारली.

एक गोष्ट या निमित्ताने लक्षात आली. यादी तपासताना गेल्या दोन वर्षांत निवर्तलेल्या तीन सभासदांची नावे डायरीत तशीच आढळली. त्यांतील दोघांचे मोबाइल आता त्यांच्या पत्नी वापरतात आणि वाढदिवशी ‘सरांना’ शुभेच्छा देणारे औषध कंपन्यांचे फोन त्यांनाच घ्यावे लागतात. हे आम्हाला कोणी कळवले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. ती तीन नावे काल सर्वांत आधी काढली आणि छापखान्याला तसे कळवले.

कलमदान, एक विचारायचे राहिले: संमतीपत्रात ‘ही संमती केव्हाही मागे घेता येईल’ हे वाक्य घालणे पुरेसे आहे का?

कलमदान

वाक्य पुरेसे नाही. संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. एका पानाच्या फॉर्मवर सही करून संमती घेत असाल तर ती काढून घेण्यासाठी सभासदाला चिटणीसाच्या घरी दोन खेपा घालाव्या लागू नयेत. संमतीपत्रातच एक ईमेल आणि एक फोन द्या, आणि विनंती आल्यापासून किती दिवसांत क्रमांक काढला जाईल ते लिहा. मी आमच्या जिल्हा वकील संघासाठी केलेला नमुना उद्या संध्याकाळपर्यंत इथे टाकतो. त्यातला ‘पती वा पत्नीचे नाव’ हा रकाना मी गेल्याच आठवड्यात खोडला आहे.